घाटवाटा : पायी आणि सायकलीवर

आम्हां वर्धेकरांस 'घाट' हा शब्द ऐकताच प्रथम नदी आठवते. वर्धा, वणा, धाम या नद्यांच्या काठच्या पायऱ्या, पर्वणीची स्नाने आणि हिंगणघाटासारखी गावांची नावे, एवढ्यात आमचा घाट संपतो. परंतु पश्चिमेकडील मनुष्य घाट म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पाणी नसून पर्वत उभा असतो. देश आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीची जी प्रचंड भिंत आहे, तिच्यातून खाली समुद्राकडे उतरणारी वाट म्हणजे त्याचा घाट.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांनी मुंबई पाहिली आहे. पण सह्याद्री कितीजणांनी पाहिला? आगगाडी इगतपुरीहून कसाऱ्यास उतरते ती बहुधा पहाटेच्या अंधारात, आणि तेव्हा आपण पांघरूण डोक्यावर ओढून निजलेले असतो. हा थळघाट. १८६५ साली रेल्वे त्यातून इगतपुरीपर्यंत चढली व १८६७ साली नागपुरास पोचली. तत्पूर्वी आपल्याकडील कापूस बैलांच्या पाठीवर लादून, मजल-दरमजल करीत, घाटानेच मुंबईस उतरत असे. भोसल्यांच्या अमदानीत नागपूर-वऱ्हाडाकडे आलेल्या कित्येक घराण्यांचे कुलदैवत आजही कोकणात आहे. त्यांचे पूर्वज ही भिंत पायी चढूनच आले. ज्या वाटेने आजे-पणजे आले, ती आपण झोपेत ओलांडावी, हे काही शोभत नाही.

या विचाराने गेल्या मार्गशीर्षात आमच्या एकत्र कुटुंबातील सहाजणांनी दोन घाट पाहण्याचे ठरविले. एक पायी, दुसरा सायकलीवर. सहांत एक सून व दोन पुतण्या होत्या. तेव्हा घरात जी चर्चा झाली, ती अनेक घरांत होत असेल, म्हणून येथे नमूद करतो. "मुलगे जावोत, पण रानावनातल्या आडवाटा म्हणजे बायकांचे ठिकाण नव्हे," असे थोरल्या काकूंचे म्हणणे पडले. काकूंचा शब्द घरात सहसा कोणी मोडीत नाही. त्यांस उत्तर दिले ते आम्ही नव्हे, तर घाटांच्या इतिहासानेच.

पहिले उत्तर नाणेघाटाचे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तेथून दोन-अडीच तासांची खडी चढण चढली म्हणजे मनुष्य जुन्नरच्या घाटमाथ्यावर येतो. पायवाटेत जागोजाग जुन्या पायऱ्या व फरसबंदी दृष्टीस पडते. सोपारा-कल्याण या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरास व पुढे पैठणास जात असे. वर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात. त्याच्याजवळच कातळात कोरलेले लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख असून तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व लोकपाल यांस वंदन करून लेख पुढे अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणे यांच्या दक्षिणेची मोजदाद देतो. अंकांच्या जुन्या खुणांसाठीही विद्वान या लेखाचा आदर करतात. हा लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानला जातो. समोरच्या भिंतीवर राजकुलाच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावले व वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. घाटाच्या माथ्यावर आपल्या कुळाची नोंद करून ठेवणारी ती एक स्त्री होती.

दुसरे उत्तर आपल्याच बाजूचे. यवतमाळपलीकडील माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन ही मोगलांच्या पदरी सरदारकी करीत असे. १६६१ सालच्या फेब्रुवारीत कारतलबखान लोणावळ्याजवळून कोकणात उतरू लागला, तेव्हा ती त्याच्या सैन्यात होती. खाली उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांनी त्या सैन्यास पुढून-मागून कोंडले. पाण्यावाचून लष्कर तळमळू लागले, आणि खानास शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला रायबागनेच दिला, असे परमानंदकृत शिवभारतात वर्णन आहे. वाट ज्यास ठाऊक नाही त्याचे संख्याबळ घाटात फुकट जाते, हा त्या प्रसंगाचा धडा सहलीस निघणाऱ्यांनीही गाठीस बांधावा.

तिसरे उत्तर बोरघाटाचे. १८३० साली येथे गाड्यांचा रस्ता झाला आणि १८६३ साली रेल्वे. सदतीस फुटांत एक फूट अशी तिची चढण. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तेथे खपत होते, आणि पटकी, ताप व अपघात यांनी त्यांतील हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्याही कातळावर कोरलेली नाहीत. १८५९ साली ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या नावे चालवून, जाणते अभियंते नेमून, काम तडीस नेले. याच घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांस घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी आख्यायिका आहे, आणि येणारे-जाणारे गाडीवान अद्याप तेथे नाणे वाहतात. पुढे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट प्रथम चढणारास 'घाटांचा राजा' हा किताब मिळू लागला.

हे सर्व ऐकून काकू थोडा वेळ गप्प बसल्या व मग म्हणाल्या, "जा, पण अंधाराच्या आत मुक्कामास पोचा." त्या एका वाक्यात घाटाचे निम्मे शास्त्र आहे.

सायकलीसाठी आम्ही वरंधा घाट निवडला. भोरहून महाडकडे जाणारा हा रस्ता प्रथम नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो. माथ्यावर वाघजाईचे ठाणे आहे. जुन्या घाटांच्या तोंडाशी अशी एखादी देवी बहुधा असतेच, कारण पूर्वी तेथे वाघाचे भय खरोखरच होते. तेथून कडा एकदम तुटतो आणि रस्ता वळणे घेत कोकणात उतरतो. पायथ्याच्या दऱ्यांत शिवथरघळ आहे. दासबोध तेथे लिहिला गेला अशी श्रद्धा असल्यामुळे आमच्या मंडळींनी वाट वाकडी करून तेथेही दर्शन घेतले.

चढणीवर सायकल मनुष्याचा अहंकार उतरविते. वर्ध्याच्या सपाट रस्त्यावर वाऱ्याशी पैज लावणारा आमचा भाचा दुसऱ्याच वळणावर सायकल हातात धरून चालू लागला, आणि धाकटी पुतणी मात्र लहान गिअर टाकून, एकाच लयीत, सर्वांच्या आधी माथ्यावर पोचली. उतारावर धोका निराळा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर चाकाची कड तापते व नळी फुटू शकते. म्हणून पुढचा व मागचा ब्रेक आळीपाळीने, थोडा थोडा लावावा, वळणापूर्वीच वेग कमी करावा आणि मधूनमधून थांबून चाके निवू द्यावीत. शिरस्त्राणाविना कोणास उतरू देऊ नये.

वडील मंडळींची काळजी निराधार नसते, हेही सांगितले पाहिजे. दर पावसाळ्यात धबधब्यांपाशी व निसरड्या कड्यांवर तरुण जीव जातात. वरंधा घाट तर दरडींच्या भयाने पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवतात. आम्हां पठारवासीयांनी प्रथम मार्गशीर्ष ते माघ या काळातच जावे. माणशी तीन लिटर पाणी, पकड घेणारे बूट, विजेरी व औषधांची पेटी न्यावी. गावातील जाणता वाटाड्या घ्यावा, त्याची मजुरी न घासता द्यावी, आणि निघण्यापूर्वी वाट व परतीची वेळ घरी लिहून ठेवावी. नाही म्हणण्यापेक्षा एवढी शिस्त लावून हो म्हणणे अधिक हिताचे आहे. कारण नकाराने मुले थांबत नाहीत, फक्त सांगेनाशी होतात.

आणखी एक गोष्ट. मोटाररस्ते झाल्यापासून जुन्या पायवाटांवरची ये-जा आटली आहे. ज्या वाटेवर पाऊल पडत नाही ती दोन-चार पावसाळ्यांत करवंदीच्या जाळीत हरवते, आणि तिच्याबरोबर पाण्याची टाकी, विसाव्याचे पार व वळणांची नावेही जातात. ती ठाऊक असलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. आपल्या पवनारास ज्यांनी पुण्यक्षेत्र केले ते विनोबा पेण तालुक्यातील गागोद्याचे, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचेच. आणि १९५१ पासून वर्षानुवर्षे त्यांनी सारा देश पायी तुडविला. चालणाऱ्यासच देश दिसतो, हे आपल्या जिल्ह्यास निराळे सांगावयास नको.

तेव्हा वाचकहो, पुढील वेळी मुंबईचे तिकीट काढाल तेव्हा दोन दिवस अधिक काढा. घरातील एक वडील मनुष्य व दोन मुले, मग ती मुलगे असोत वा मुली, बरोबर घ्या आणि एखादा घाट जागेपणी उतरा. आमच्या काकूंनी येत्या पौषात नाणेघाटास स्वतः येण्याचे कबूल केले आहे. अट एकच, रांजण पाहिल्याशिवाय कोणी डबा उघडावयाचा नाही.