‘मफल’ : एक शब्द, अनेक अर्थ आणि चंडीगडचा धडा

थंडीच्या दिवसांत गळ्याभोवती गुंडाळला जाणारा मफलर मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. मात्र अमेरिकेत ‘मफलर’ म्हटले की मोटारीच्या धूर बाहेर टाकणाऱ्या नळीवर बसवलेले नळकांडेही समजले जाते. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे त्याला ‘सायलेन्सर’ म्हणतात. लोकरीचे वस्त्र आणि लोखंडी नळकांडे या दोहोंना एकच नाव कसे मिळाले, याचे उत्तर ‘मफल’ या इंग्रजी क्रियापदात आहे.

या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘मूफ्ल’ या शब्दात सापडते. बोटांसाठी वेगळे कप्पे नसलेला जाड हातमोजा, असा त्याचा अर्थ. त्यावरून इंग्रजीत ‘मफल’ म्हणजे ऊब मिळावी किंवा ओळख लपावी यासाठी गुंडाळून घेणे, असा अर्थ रूढ झाला. गुंडाळलेल्या वस्तूचा आवाजही मंदावतो, हे लक्षात आल्यावर ध्वनी क्षीण करणे हा दुसरा अर्थ त्याला चिकटला. होडीच्या वल्ह्यांना कापड बांधून निःशब्दपणे जाणे, अंत्ययात्रेत नगारे काळ्या कापडाने झाकून वाजवणे, शोकप्रसंगी चर्चच्या घंटेच्या लोलकाला चामड्याची गादी लावणे, या सर्व क्रियांसाठी हाच शब्द वापरला जातो. प्रयोगशाळेतील ‘मफल भट्टी’चा मात्र ध्वनीशी संबंध नाही. तिच्यात तापवायचा पदार्थ ज्वाला व इंधन यांपासून बंद कप्प्यात वेगळा ठेवतात. तेथे झाकणे हा मूळ अर्थच उरला आहे.

न्यायालयातील लोकरी पडदे

या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे असतील, तर चंडीगडचे उदाहरण बोलके आहे. येथील उच्च न्यायालयाच्या इमारतीचे उद्घाटन 1955 मध्ये झाले. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी ती काँक्रीटमध्ये उभारली. काँक्रीटचा कठीण पृष्ठभाग ध्वनी फारसा शोषत नाही, तो परत फेकतो. उंच दालनात एक शब्द विरण्यापूर्वीच दुसरा उच्चारला जातो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. जेथे साक्षीदाराच्या एका शब्दावर निकाल अवलंबून असू शकतो, तेथे हा दोष गंभीर ठरतो.

त्यावर उपाय म्हणून कॉर्बुझिए यांनी न्यायदालनांसाठी लोकरीचे नऊ भव्य चित्रपडदे योजले. मुख्य न्यायाधीशांच्या दालनासाठी 144 चौरस मीटरचा एक आणि इतर दालनांसाठी प्रत्येकी 64 चौरस मीटरचे आठ, असे हे पडदे काश्मीरमध्ये विणले गेले. लोकरीच्या तंतूंमधील हवा ध्वनीलहरींमुळे हलते, घर्षण होते आणि ध्वनीच्या ऊर्जेचे अल्पशा उष्णतेत रूपांतर होते. काही न्यायाधीशांना त्यावरील आकृती रुचल्या नव्हत्या. तरीही पडद्यांचे प्रयोजन केवळ शोभेचे नव्हते. भिंतीलाच जणू मफलर गुंडाळला गेला होता.

रस्त्यावरील ‘पटाखा’

वाहनाच्या सायलेन्सरचे कार्यही याच तत्त्वाशी जवळचे आहे. इंजिनातून दाबाने बाहेर पडणारा वायू प्रथम मोठ्या पोकळीत प्रसरण पावतो. आतील पडद्या व छिद्रे ध्वनीलहरींना उलट फिरवून एकमेकींना क्षीण करायला लावतात. काही प्रकारांत काचतंतूचे अस्तर उरलेला ध्वनी शोषते. हा भाग बदलला किंवा पोकळ केला की आवाज वाढतो. पंजाब व चंडीगड परिसरात बुलेट मोटारसायकलवरून काढल्या जाणाऱ्या स्फोटासारख्या आवाजाला ‘पटाखा’ म्हणतात. चालत्या गाडीचे प्रज्वलन क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केले, की नळीत साठलेले न जळलेले इंधन पेट घेते आणि हा आवाज होतो.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे 50 व 40 डेसिबल आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहा पट वाढ होय.

सायलेन्सर बसवणे हे केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील 120 व्या नियमानुसार बंधनकारक आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये दिलेल्या निकालात दोन्ही राज्ये आणि चंडीगड प्रशासनाला मोटारसायकलींना सायलेन्सर असल्याची खातरजमा करण्यास सांगितले. लेखी परवानगीशिवाय दिवसाही ध्वनिवर्धक लावू नयेत, असेही त्यात बजावले. ज्या न्यायालयाच्या भिंतींवर लोकर टांगली गेली, त्याच न्यायालयाकडून हा आदेश आला, हा योगायोग लक्षणीय आहे. महाराष्ट्रातही हा प्रश्न नवा नाही. बदललेले सायलेन्सर जप्त करून ते रोड रोलरखाली चिरडण्याची कारवाई येथील पोलिसांनीही केली आहे.

कोणाचा आवाज दबावा?

‘मफल’ या शब्दाला एक काळी छटाही आहे. एखाद्याचे म्हणणे दडपणे, यासाठीही इंग्रजीत तो वापरला जातो. मराठीतही ‘आवाज दाबणे’ म्हणताना आपल्याला ध्वनी आणि मत दोन्ही अभिप्रेत असतात. त्यामुळे गोंगाटावरील प्रत्येक बंधन हे स्वातंत्र्यावरील घाला आहे, असा युक्तिवाद अधूनमधून होतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 च्या निकालात त्याचे उत्तर दिले आहे. बोलण्याचा अधिकार सर्वांना असला, तरी ध्वनिवर्धकाच्या बळावर न ऐकू इच्छिणाऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा त्याचा आशय होता.

चंडीगडच्या न्यायदालनातील लोकरीचा अर्थही हाच आहे. तेथे प्रतिध्वनी मंद केला गेला, तो बोलणाऱ्याला गप्प करण्यासाठी नव्हे, तर त्याचा शब्द नीट ऐकू यावा म्हणून. रुग्णालयातील रुग्ण, परीक्षेला बसलेला विद्यार्थी आणि रात्रपाळी करून दिवसा झोपलेला कामगार यांना रस्त्याकडून हवे आहे ते एवढेच.