अली, फ्रेझियर आणि डाव्या हाताचा हुक

(नभोवाणी भाषणावरून संपादित)

‘पंच’ या शब्दाची मोठी गंमत आहे. मराठीत पंच म्हणजे निकाल देणारा, तर इंग्रजीत पंच म्हणजे ठोसा. शाळा-कॉलेजांच्या मुष्टियुद्ध सामन्यांत मी बरीच वर्षं पंचाचं काम केलं. त्या काळात मला एक प्रश्न हमखास विचारला जाई. ‘सर, अली मोठा की फ्रेझियर?’ विचारणाऱ्याचा सूर असा असे, की अली म्हणजे कला आणि फ्रेझियर म्हणजे नुसती ताकद. पहिलं विधान मला मान्य आहे, दुसरं मुळीच नाही. का नाही, ते आज तुम्हाला समजावून सांगायचं आहे. एरवी मुष्टियुद्धाच्या वाटेला न जाणाऱ्यांनीही कंटाळू नये. कुस्तीतले डावपेच ज्यांना कळतात, त्यांना हेही सहज कळेल.

आधी दोघांची ओळख करून घेऊ. महंमद अली, म्हणजे पूर्वीचा कॅशियस क्ले, १९४२ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिल इथे जन्मला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने लाइट हेवीवेट गटाचं सुवर्णपदक मिळवलं आणि १९६४ साली सनी लिस्टनला हरवून तो व्यावसायिक जगज्जेता झाला. जो फ्रेझियर १९४४ सालचा. साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टजवळच्या गरीब शेतकरी कुटुंबातला हा मुलगा गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची कणसं आणि वीट भरून ते पोतं झाडाला टांगायचा आणि त्यावर ठोसे मारायचा. पुढे तो फिलाडेल्फियात आला आणि कत्तलखान्यात काम करता करता मुष्टियुद्ध शिकला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला. ती गोष्ट त्याने गुपचूप ठेवली आणि तशाच हाताने अंतिम सामना जिंकून सुवर्णपदक मिळवलं.

मुष्टियुद्धातलं पहिलं गणित अंतराचं. अलीची उंची सहा फूट तीन इंच, तर फ्रेझियर सहा फुटांनाही थोडा कमी. दोन्ही हात पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अलीचा पल्ला ७८ इंच भरे आणि फ्रेझियरचा सुमारे ७३. अंतर राखून दोघं एकमेकांना मारू लागले, तर अलीचा ठोसा पोचेल आणि फ्रेझियरचा हवेतच राहील. म्हणून अलीला सामना लांबून लढायचा असे, तर फ्रेझियरला छातीला छाती भिडवून. बाकीचं सारं कौशल्य आपल्याला हवं ते अंतर मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी होतं.

लांबून लढणाऱ्याचं मुख्य हत्यार म्हणजे जॅब. पुढे असलेला डावा हात सरळ भाल्यासारखा फेकायचा आणि तितक्याच चपळाईने मागे घ्यायचा. जॅबने सहसा कोणी आडवा होत नाही. पण त्याने समोरच्याचं डोकं मागे ढकललं जातं, डोळ्यांपुढे हातमोजा नाचत राहतो आणि पुढे यायचा बेत मोडतो. अलीचा जॅब हेवीवेटमध्ये विलक्षण वेगवान होता. त्याच्या पाठोपाठ उजव्या हाताचा सरळ ठोसा येई आणि तो येईपर्यंत अलीचे पाय त्याला दुसऱ्या जागी घेऊन गेलेले असत.

अलीचा बचाव मात्र पुस्तकी नव्हता. मुलांना आपण शिकवतो की हात गालांशी ठेवा, हनुवटी छातीकडे घ्या. अलीचे हात कमरेशी असत. ठोसा आला की तो डोकं सरळ मागे घेई आणि ठोसा नाकासमोर दोन बोटांवर येऊन थांबे. पाहणाऱ्याला ते जादूसारखं वाटे. या जादूला दोन गोष्टी लागत, तल्लख नजर आणि ताजे पाय. शिवाय तिच्यात एक उणीव होती. मागे झुकणारं डोकं सरळ येणाऱ्या ठोशाला चुकवतं, पण बाजूने वळून येणाऱ्या ठोशाच्या वाटेतून ते पूर्ण बाहेर पडत नाही. तारुण्याच्या ऐन भरातही, १९६२ साली सनी बँक्सने आणि १९६३ साली लंडनमध्ये हेन्री कूपरने अलीला खाली पाडलं होतं. दोन्ही वेळा ठोसा होता डाव्या हाताचा हुक.

आणि जगातला सर्वोत्तम डावा हुक होता जो फ्रेझियरकडे.

हुक म्हणजे काय? कोपर काटकोनात वाकवून बाजूने मारलेला ठोसा. दार बिजागरीवर फिरावं तसं सगळं शरीर पायाच्या चवड्यावर फिरतं आणि हात त्या दारासोबत येतो. त्यातला जोर दंडातून येत नाही, पाय आणि कंबर यांतून येतो. हा ठोसा नजरेच्या कडेने येत असल्यामुळे उशिरा दिसतो. फ्रेझियरने आत्मचरित्रात सांगितलं आहे की लहानपणी एका डुकराने पाठलाग केला तेव्हा तो पडला, डाव्या हाताला इजा झाली आणि तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. जॅबसाठी हे वैगुण्यच. हुकला मात्र वाकलेलाच हात लागतो.

पण हुक आखूड पल्ल्याचा. तो मारायचा तर अलीच्या जॅबच्या माऱ्यातून आत शिरायला हवं, आणि फ्रेझियरची खरी विद्या इथे आहे. कुस्तीत पट काढायला जाणारा मल्ल जसा एकदम खाली बसून घुसतो, तसा फ्रेझियर कमरेतून वाकत, डोकं डावीकडे-उजवीकडे झुलवत पुढे येई. या पद्धतीचा सराव रिंगमध्ये दोरी आडवी ताणून तिच्या खालून वाकत वाकत करतात. गुडघे आणि मांड्या भरून येतात, चार मिनिटांत माणूस टेकीला येतो. फ्रेझियर हे पंधरा फेऱ्या करू शके. शिवाय त्याचं झुलणं केवळ बचावासाठी नव्हतं. डावीकडे झुकताना शरीराचा भार डाव्या पायावर येतो आणि हुकसाठी नेमका तोच लागतो. म्हणजे ठोसा चुकवण्याची हालचाल आणि ठोसा मारण्याची तयारी त्याच्याकडे एकच होती. ही नुसती ताकद नव्हे. मात्र अलीचे नाचणारे पाय शेवटच्या रांगेतूनही दिसत आणि फ्रेझियरचं तंत्र जवळून पाहिल्याशिवाय कळत नसे.

आता हे दोघं समोरासमोर आले तेव्हा काय झालं ते पाहू. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्यामुळे १९६७ साली अलीचं अजिंक्यपद आणि परवाना दोन्ही काढून घेण्यात आलं. साडेतीन वर्षं त्याला लढता आलं नाही. वयाच्या पंचवीस ते अठ्ठावीस या उमेदीच्या वर्षांत तो रिंगबाहेर होता. परतला तेव्हा हात तेच होते, पाय मात्र तेवढे चपळ राहिले नव्हते. मधल्या काळात फ्रेझियर जगज्जेता झाला होता. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघं भिडले. दोघंही अपराजित आणि प्रत्येकाचं मानधन पंचवीस लाख डॉलर.

फ्रेझियरच्या गोटात एडी फच नावाचे अत्यंत बारीक नजरेचे प्रशिक्षक होते. त्यांनी हेरलं की अली अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, नीट मारत नाही. तो मारताना त्याचा उजवा हात खाली जातो आणि उजवा गाल उघडा पडतो. फ्रेझियर खाली वाकला की अलीला अपरकटचा मोह होणारच. म्हणून वाकायचं, अलीला तो मोह पाडायचा आणि त्याच क्षणी डावा हुक मारायचा, असा बेत ठरला. पंधरा फेऱ्यांत हा बेत पुन्हा पुन्हा फळाला आला. अकराव्या फेरीत अली डळमळला आणि पंधराव्या फेरीत हुक जबड्यावर बसून तो पाठीवर पडला. लगेच उठला हेही त्याचं मोठेपण, पण निकाल एकमताने फ्रेझियरच्या बाजूने गेला. अलीचा उजवा जबडा टम्म सुजला होता.

दुसरा सामना २८ जानेवारी १९७४ रोजी त्याच जागी झाला. या वेळी बारा फेऱ्या होत्या आणि अजिंक्यपद दोघांकडेही नव्हतं. अलीने पहिल्या पराभवातून धडा घेतला होता. फ्रेझियर आत आला की अली त्याच्या मानेमागे हात टाकून त्याला कवेत घेई. हुकला फिरायला जागा लागते, कवेत ती मिळत नाही. मग पंचांनी सोडवायचं आणि अलीने पुन्हा लांबून दोन-चार ठोसे मारून घ्यायचे. प्रेक्षकांना हे रुचलं नाही, पण डावाला प्रतिडाव म्हणून तो चोख होता. अली एकमताने जिंकला.

तिसरा सामना १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपीन्समध्ये मनिलाजवळच्या केझॉन सिटीत, भर सकाळी आणि भयंकर उकाड्यात झाला. मानेमागे धरण्याची युक्ती या वेळच्या पंचांनी चालू दिली नाही. सुरुवातीच्या फेऱ्या अलीने घेतल्या. मधल्या फेऱ्यांत फ्रेझियरने त्याला दोरांशी गाठून बरगड्यांवर घण घातले. बाराव्या फेरीपासून पारडं फिरलं. फ्रेझियरचा डावा डोळा मुळातच अधू होता, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. आता उजवा डोळा सुजून बंद झाला आणि अलीच्या उजव्या हाताचे सरळ ठोसे येताना त्याला दिसेनात. येणारा ठोसा दिसेल तरच तो चुकवता येतो. डोळे गेले आणि झुलण्याची ती सगळी विद्या निकामी झाली. चौदाव्या फेरीनंतर फच यांनी सामना थांबवला. फ्रेझियर लढायला तयार होता, पण शिष्याच्या हट्टापेक्षा त्याचा जीव मोठा, असं गुरूने ठरवलं. मुष्टियुद्धाच्या इतिहासातला हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. मृत्यूच्या इतक्या जवळ आपण कधीच गेलो नव्हतो, असं जिंकलेला अलीच पुढे म्हणाला.

मग मोठा कोण? तीन सामन्यांत दोन विजय अलीचे, तेव्हा हिशेबाने अली. पण हा हिशेब फसवा असतो. १९७३ साली किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. त्याच फोरमनला १९७४ साली किन्शासात अलीने आठव्या फेरीत झोपवलं. मग फोरमनच्या हातून दोन फेऱ्यांत संपलेला फ्रेझियर अलीला एवढा जड का गेला? कारण वाकून पुढे येणं हा अलीच्या जॅबवर उत्तम उतारा होता, पण फोरमनचा अपरकट अस्सल होता. वाकलेलं डोकं नेमकं त्याच्या माऱ्यात येई. कौशल्य ही कोणाला वरची तर कोणाला खालची पायरी देणारी शिडी नव्हे. कुलूप आणि किल्लीसारखं ते एकमेकांच्या संदर्भातच तपासावं लागतं. सबंध कारकिर्दीत फ्रेझियर चार सामने हरला, दोन अलीकडून आणि दोन फोरमनकडून. तिसऱ्या कुणालाही त्याचं कुलूप उघडता आलं नाही.

माझं मत विचाराल तर सांगतो. अलीकडे उत्तरं अधिक होती. पाय थकले तर दोर, दोर चालले नाहीत तर कव, तीही नाही तर नुसती जिद्द. फ्रेझियरकडे उत्तर एकच होतं, पण त्याच्याइतकं पक्कं उत्तर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. अलीचं अष्टपैलुत्व मी थोर मानतो, आणि नवशिक्या मुलाला मात्र फ्रेझियरचे पाय दाखवतो. अलीची नक्कल करायला अलीची नजर लागते. ती नसताना हात खाली ठेवणाऱ्या मुलांची नाकं मी फुटलेली पाहिली आहेत.

या विद्येची किंमतही सांगायला हवी. मनिलानंतर दोघांपैकी कोणीही पूर्वीसारखा राहिला नाही. फ्रेझियर वर्षभरात निवृत्त झाला, पुढे १९८१ मध्ये एकदाच परतला. अली मात्र १९८१ पर्यंत लढत राहिला. पाय नव्हते, म्हणून तो ठोसे अंगावर घेत राहिला. १९८४ साली त्याला पार्किन्सनसदृश आजार असल्याचं निदान झालं. त्याला ठोसेच किती कारणीभूत, यावर डॉक्टरांत वाद होते. पण डोक्यावर वारंवार बसणारे ठोसे मेंदूला इजा करतात, याबद्दल आज वाद उरलेला नाही. अलीने सामन्यांपूर्वी फ्रेझियरची केलेली अपमानास्पद थट्टाही फ्रेझियरला आयुष्यभर डाचत राहिली. अलीवर बंदी असताना त्याला परवाना परत मिळावा म्हणून खटपट करणाऱ्यांत हाच फ्रेझियर होता. फ्रेझियर २०११ मध्ये गेला, अली २०१६ मध्ये. फ्रेझियरच्या अंत्यविधीला आजारी अली स्वतः हजर होता.

या तिन्ही सामन्यांच्या चित्रफिती आज घरबसल्या पाहता येतात. पाहाल तेव्हा एक करा. पहिली फेरी हातांकडे न बघता दोघांच्या पायांकडे बघा. एक जण अंतर वाढवतो आहे आणि दुसरा ते कमी करतो आहे, एवढंच दिसेल. ते एकदा दिसलं, की पुढचा ठोसा कोणाचा बसणार हे तुम्हीही आधी सांगू लागाल.