दिव्याखालची फुलं, शहरातल्या चिमण्या

रात्रीच्या उजेडाने नेमकं काय बिघडतं? ते मोजायला संशोधक एव्हा क्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या काळोख्या कुरणांत रस्त्यावरचे एलईडी दिवे उभे केले. मग अंधारात दिसणारे चष्मे लावून फुलांवर येणारे किडे पकडले, मोजले. दिव्याखालच्या फुलांवर रात्रीच्या किड्यांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या होत्या. एका काटेरी रानफुलाची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी भरली. दिवसा मधमाश्या येऊनही ही तूट भरून निघाली नाही. २०१७मध्ये ‘नेचर’ने हे छापलं, तरी आपल्या बागांमधले दिवे पहाटेपर्यंत जळतातच, याचं वाईट वाटतं.

भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजव्याचा नर उडता उडता लुकलुकतो आणि मादी झुडपातून उत्तर देते. मध्येच गाडीचा झोत पडला, की हा संवाद तुटतो.

आवाजाचंही तसंच. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, हे २००३मध्येच दिसलं होतं. हे पारखायची खरी संधी आली टाळेबंदीत. एप्रिल-मे २०२०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरची रहदारी खूप घटली. तिथल्या डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या चिमण्यांची जुनी ध्वनिमुद्रणं संशोधक एलिझाबेथ डेरीबेरी यांच्याकडे होतीच. त्या ध्वनिमुद्रणांशी नवी ताडून पाहिली. नर आता हळू आवाजात गात होते, खालचे सूरही लावत होते, आणि तरी त्यांचं गाणं पूर्वीपेक्षा दुप्पट लांब पोहोचत होतं.