स्मृतीचा काळ कसा ठरतो

म. म. पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा कोणताही खंड उघडा, तळटीपा पानाचा मोठा भाग खाऊन बसलेल्या दिसतात. वर इंग्रजी विवेचन, खाली बारीक टाइपात मूळ संस्कृत वचने. रत्नागिरीत वाचनालयाच्या टेबलावर पहिला खंड घेऊन मी खालून वर वाचू लागलो, तेव्हा काण्यांचे काम कसे चालते ते दिसले.

याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका केव्हाची? ग्रंथावर साल नाही. पण तिचा कर्ता विज्ञानेश्वर आपल्या राजाचे, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचे, गुणगान करतो. तो मनुस्मृतीचा टीकाकार मेधातिथी आणि धारचा राजा भोजदेव यांचा उल्लेख करतो. म्हणजे तो त्यांच्यानंतरचा. पुढे ‘स्मृतिचंद्रिका’ हा निबंधग्रंथ मिताक्षरेचा आधार घेतो आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री स्मृतिचंद्रिकेचा. कोण कोणाला ओळखतो आणि कोण कोणाबद्दल गप्प आहे, एवढ्यावरून काळाच्या दोन्ही बाजू आवळत आणायच्या. गप्प राहणे हा मात्र कच्चा पुरावा. तो एकटा चालत नाही.

हा उलटतपासणीचा हात वकिलाचा आहे. १८८० साली चिपळूणजवळ जन्मलेले काणे आधी रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते, मग मुंबईला हायकोर्टात वकील झाले. नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूख’ या न्यायव्यवहारावरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना धर्मशास्त्राच्या इतिहासावर एक प्रकरण जोडावे, एवढाच त्यांचा बेत होता. त्याचे पाच खंड झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने पहिला १९३० मध्ये काढला, काम संपले १९६२ मध्ये. तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले.

एवढ्या कालनिर्णयाचा उपयोग काय, हे दुसऱ्या खंडात कळते. विधवेचे केशवपन ‘शास्त्रात आहे’ असे सांगितले जाई. कोणत्या शास्त्रात, कोणत्या काळच्या, हे काणे विचारतात. मनू आणि याज्ञवल्क्य विधवेचा आचार सांगतात, पण मुंडण सांगत नाहीत. आधार निघतो तो स्कंदपुराणासारख्या नंतरच्या ग्रंथांत. काणे स्वतः परंपरेत वाढलेले, संस्कृतावर जीव असलेले. तरी इथे त्यांनी वाद घातला नाही, वचने काळाच्या क्रमाने मांडली. जो नियम एका काळी नव्हता आणि पुढे आला, त्याला सनातन म्हणता येत नाही.