काळी मेंढी आणि पवळ्या बैल

अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके ही या जातीची ओळख. गुराख्यांनी त्यांना पारा, बाहळा अशी रंगावरून नावेही ठेवली आहेत. जनावर इतके निरखणाऱ्या लोकांच्या बोलण्यात त्याचा रंग आला नसता तरच नवल.

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ ढवळा पांढरा, पवळा पोवळ्यासारखा तांबूस आणि वाण म्हणजे रंग. जनुकांचा पत्ता नसलेल्या काळातले हे निरीक्षण किती नेमके आहे! केसांचा रंग येतो मेलॅनिनमुळे. युमेलॅनिन काळे, फिओमेलॅनिन तांबडे. कोणते तयार व्हायचे हे ठरवण्यात ‘एमसीवनआर’ या जनुकाचा मोठा वाटा. ठिपकेदार जनावराच्या पांढऱ्या भागात तर रंग बनवणाऱ्या पेशीच नसतात, कारण वासरू गर्भात असताना त्या कातडीच्या त्या जागेपर्यंत पोचलेल्याच नसतात. पुढे दावणीला शेजारी कोण आहे, याने त्यात काडीचा फरक पडत नाही. गुणाचे मात्र खरे. नवा गोऱ्हा मुरलेल्या बैलाबरोबर जुंपतात, म्हणजे वळणे-थांबणे तो जोडीदाराकडून शिकतो.

इंग्रजीत घराण्याला बट्टा लावणाऱ्याला ‘ब्लॅक शीप’ म्हणतात. यामागे लोकरीचा धंदा आहे. पांढऱ्या लोकरीला हवा तो रंग चढतो, काळीला चढत नाही, म्हणून तिला भाव कमी. आपल्याकडे हा हिशेब उलटा. दख्खनी मेंढी बहुतांशी काळीच. तिची लोकर न रंगवता घोंगडी विणली जाते आणि तीच धनगराला थंडी-पावसात उपयोगी पडते. अशा मुलखात काळ्या मेंढीवरून नावे ठेवण्याची कल्पना कुणाला सुचली असती?

शिवाय पांढऱ्या कळपात काळ्या निपजलेल्या कोकराचा दोष तरी काय? युरोपातल्या अनेक जातींत पांढऱ्या रंगाचे जनुक प्रभावी आणि काळ्याचे अप्रभावी असते. पांढऱ्या दिसणाऱ्या नर-मादीत काळ्याची एकेक प्रत लपलेली असली, तर त्यांचे कोकरू काळे निपजण्याची शक्यता चारात एक. कळपात उठून दिसणारा तो काळा वाण त्याला त्याच्या दोन्ही पांढऱ्या आईबापांकडून, निम्मा-निम्मा, मिळालेला असतो.