कोंबडी अंडीं कां थांबविते?

थंडी पडूं लागली कीं नांदुरा व आसपासच्या कापूसपट्ट्यांतील कोंबड्या बाळगणाऱ्या शेतकरीबंधूंची एक तक्रार हटकून ऐकूं येते: पावसाळ्यांत नियमित अंडीं देणारी कोंबडी आतां अंडें देत नाहीं. मग कोणी ती बाजारांत विकतो, कोणी अंडीं वाढविणारें औषध शोधीत फिरतो. या दोहोंपूर्वीं तिच्या शरीरांत काय चालतें तें समजून घ्यावें, अशी आमची विनंती आहे.

अंडें घालण्याचा हुकूम मेंदूंतून सुटतो. दिवसाचा उजेड डोळ्यांवाटेंच नव्हे, तर कवटींतूनहि मेंदूपर्यंत पोंचतो. उजेडाचे तास वाढले म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि रक्तांत अंतःस्राव सोडते. त्यामुळें अंडाशयांतील बलक वाढीस लागतात व अंडाशयहि ईस्ट्रोजेन नांवाचा आपला अंतःस्राव सोडूं लागतो. हा स्राव यकृताकडून बलकाचें द्रव्य तयार करवितो आणि हाडांच्या पोकळींत चुन्याचा सांठा करवितो. नांदुऱ्यास जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरअखेर तो अकरा तासहि भरत नाहीं. अंड्यावरील कोंबडीस १४ ते १६ तास उजेड मानवतो. म्हणून हिवाळ्यांत पहांटे खुराड्यांत दिवा लावावा. वेळ हळूहळू वाढवावी व मध्येंच तोडूं नये. वाढत्या तलंगांस मात्र हा जादा उजेड देऊं नये.

परंतु कोठार रिकामें असतां नुसत्या हुकुमानें काय होणार? एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम जातें, आणि कवच चढण्यास सुमारें २० तास लागतात. ज्वारी-बाजरींत चुना नांवालाच असतो. तो खाद्यांतून न मिळाल्यास कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. पुढें कवच पातळ होतें, आणि अखेर अंडेंच बंद पडतें. शिंपल्यांचा जाडसर चुरा निराळ्या भांड्यांत, विशेषतः सायंकाळीं ठेवावा, कारण कवच बव्हंशीं रात्रीं चढतें. लहान पिलांस तो देऊं नये. त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. खाद्यांत १६ ते १८ टक्के प्रथिन लागतें, ज्वारींत तें सुमारें १० टक्केच असतें. ही तूट सोयाबीनच्या पेंडीनें भरून काढतां येते. कच्चें सोयाबीन मात्र घालूं नये.

आमच्या भागांत सरकीच्या पेंडीचा मोह मोठा! गुरांस ती मानवते, म्हणून कोंबड्यांसहि टाकली जाते. तींतील गॉसिपॉल या द्रव्यामुळें सांठविलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. सरकीच्या तेलाचा अंश राहिल्यास पांढराहि गुलाबी होतो. असें अंडें गिऱ्हाईक परत करतें. अंड्यावरील कोंबडीस ही पेंड न देणेंच बरें.

खुडूक कोंबडीची गोष्ट निराळी. ती आजारी नसते. प्रोलॅक्टिन हा अंतःस्राव वाढल्यानें तिचें अंडाशय विसावतें. १९३२-३३ च्या सुमारास अमेरिकेंत ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कबुतरांवरील प्रयोगांतून हा स्राव ओळखून त्यास हें नांव दिलें. खुडूक मोडण्यासाठीं तिला पाण्यांत बुडविण्याची वा उपाशी ठेवण्याची रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. जाळीच्या तळाच्या, हवेशीर व उजेडाच्या पिंजऱ्यांत चार दिवस ठेवून दाणापाणी चालू ठेवावें. पिलें हवीं असतील तर तिला खुशाल बसूं द्यावें.