प्रकाश स्वतःच वाट करतो

डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत 2.05 मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून अणुकेंद्रांच्या संमीलनाने 3.15 मेगाज्यूल मिळाले. यश मोठेच. पण ते लेझर चालवायला सुमारे 300 मेगाज्यूल वीज खर्ची पडली, हे मथळ्यांत मावत नाही. त्या बातमीने मला आठवण झाली ती भौतिकशास्त्रज्ञ प्रेधिमन कृष्ण काव यांची. लेझरचा प्रकाश प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत, शिरताना काय घडते, याचे गणित ते अर्धशतक आधी मांडत होते.

जन्म 1948, श्रीनगर. अठराव्या वर्षी आयआयटी दिल्लीची पीएचडी (अठराव्या!), मग प्रिन्स्टनला जॉन डॉसन यांच्यासोबत काम.

प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन एका ठरावीक वारंवारतेने एकत्र डोलतात. प्लाझ्मा जितका दाट, तितकी ती जास्त. तिच्याहून कमी वारंवारतेचा तरंग आत शिरत नाही, परत फिरतो. रेडिओ सिलोनची गाणी समुद्रापलीकडून आपल्या घरात यायची ती याचमुळे. आयनांबर, म्हणजे उंचावरचा विरळ प्लाझ्माच, शॉर्टवेव्हचे तरंग खाली परतवायचे. मग दाट प्लाझ्माने लेझरलाही अडवायला हवे. काव आणि डॉसन यांनी 1970 मध्ये दाखवले की प्रकाश पुरेसा तीव्र असेल तर तो अडत नाही. त्याच्या हेलकाव्यांनी इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात, आइन्स्टाइनच्या नियमाने जणू जड होतात, त्यांचे डोलणे मंदावते आणि अपारदर्शक प्लाझ्मा पारदर्शक होतो. किती सुंदर कल्पना! एवढे तीव्र लेझर तेव्हा नव्हतेच. त्यांचा मार्ग खुला करणारे तंत्र 1985 मध्ये आले, आणि त्याला 2018 चे नोबेल मिळाले.

असा सिद्धान्तकार 1982 मध्ये प्रिन्स्टन सोडून अहमदाबादला परतला, हे मला त्या शोधनिबंधाइतकेच मोलाचे वाटते. होमी भाभांनी 1955 मध्ये जिनिव्हात संमीलन दोन दशकांत काबूत येईल असे भाकीत केले होते. ती मुदत तोवर उलटून गेली होती, आणि काव यांनी कामच सुरू केले. 1986 मध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. 1989 मध्ये देशातच बांधलेला 'आदित्य' हा टोकामॅक, म्हणजे संमीलनासाठी प्लाझ्मा चुंबकांनी कोंडणारे यंत्र, सुरू झाला. समीकरणांत रमलेल्या माणसाने चुंबके, निर्वातपात्रे, वीजपुरवठा घडवणारी माणसे जमवली. 2005 मध्ये भारताला ईटर या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पात जागा मिळाली, त्यामागे ही वर्षानुवर्षांची तयारी होती.

काव 2017 मध्ये गेले. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटरच्या सुमारे तीस मीटर उंच क्रायोस्टॅटचे, म्हणजे यंत्राला वेढणाऱ्या निर्वातपात्राचे, भाग सुरतजवळच्या हजीऱ्यात बनले. ईटरही वीज पुरवणार नाही. ते प्रयोगासाठीच आहे.